डाळ लवकर शिजणारं पाणी

"कितला दिन लागतीन, बाई?" कल्पनानं विचारलं. म्हणजे, किती दिवस लागतील?

ती माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसली होती. मांडीवर दीड वर्षाची जागृती, माझा मास्क ओढायला टपलेली. मी नुकतीच कल्पनाच्या हातात फ्लोराइडच्या गोळ्यांची बाटली दिली होती. रोज अर्धी गोळी, चुरून, दुधातून. या गोळ्यांनी लेकीचे दात किडण्यापासून वाचतील, एवढं तिला पटलं होतं. फक्त कधी, ते तिला हवं होतं.

"तीन महिने," मी म्हणाले.

तीन महिने हा आकडा कुठल्याही पुस्तकात नव्हता. मी तो त्या क्षणी तयार केला. खरं उत्तर 'मला नक्की सांगता येत नाही' असं होतं, पण तीस वर्षांची डॉक्टरीणबाई असं कसं बोलेल? तिच्या दारावरच्या पाटीवर नावापेक्षा डिग्रीची अक्षरं मोठी होती. अ‍ॅप्रनला ती स्वतः खळ घालायची आणि तो घालून वाकायची तेव्हा कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. ती बाई आज मला भेटली तर मी तिचा कान धरीन. पण ती भेटत नाही. आरशात दिसते ती दुसरीच कुणीतरी, तिच्या दोन दाढा नाहीत.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची आहे. माझा दवाखाना धुळ्यात होता, भांड्यांच्या दुकानाच्या वर. नवरा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचा. मधले पाच दिवस मी, दवाखाना आणि नाना. नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माझ्याकडे ते नावं लिहायचे, हत्यारं उकळायचे आणि पेशंट नसले की पेपर वाचायचे. पेपर रोज पूर्ण वाचून व्हायचा, छोट्या जाहिरातींसकट. यावरून काय ते समजा.

"मॅडम, आज चार आले," नाना संध्याकाळी सांगायचे.

"चार पेशंट?"

"दोन पेशंट. एक पत्ता विचारायला. एक भांडीवाल्याचा पाहुणा, जिना चुकला."

सात वाजता नाना घरी जायचे. मग मी एकटीच. खालचं दुकान बंद होईपर्यंत मी दवाखान्यातच बसून राहायची, कारण खालून भांड्यांचा आवाज यायचा. घरी गेलं की तोही नाही.

अशा दिवसांत कल्पना आली. शिरपूरच्या बाजूला तापीकाठाकडचं गाव. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. घरी केळी आणि कापूस. लग्नानंतर काही वर्षं नवऱ्यासोबत सुरतेला होती, तो तिथं कापडाच्या लूमवर कामाला होता. जागृती पोटात असताना दोघं गावी परत आली. थोरला मुलगा सुरतेत वाढलेला, पाच वर्षांचा. चहात बुडवलेली बिस्किटं खाऊन त्याचे पुढचे दुधाचे दात पार मुळापर्यंत किडले होते. मी त्याचे तीन दात काढले. तो रडला नाही. कल्पना रडली.

"हाई पोरना दात वाचाले पायजेत," तिनं जागृतीकडे बोट दाखवून सांगितलं. या पोरीचे दात वाचायला हवेत. बस, एवढंच तिचं मागणं होतं.

आता फ्लोराइड म्हणजे काय, ते सांगते. मी हे त्या काळी कल्पनाला वीस मिनिटं इंग्रजीमिश्रित मराठीत सांगितलं होतं. ती मान हलवत राहिली आणि मला वाटलं की तिला कळलं. फ्लोराइड पाण्यात असतं, मातीत असतं, कुठं कमी, कुठं जास्त. योग्य प्रमाणात असलं तर दाताचं वरचं कवच, ज्याला आम्ही इनॅमल म्हणतो, ते टणक होतं. कीड म्हणजे तोंडातल्या आम्लानं हे कवच थोडं थोडं विरघळवणं. फ्लोराइड ती झीज भरून काढायला मदत करतं. पाण्यात ते फार कमी असेल आणि मुलाला किडीचा धोका जास्त असेल, तर काही वेळा गोळ्या किंवा थेंब देतात. पण आधी पाणी तपासायचं. कारण पाण्यातच फ्लोराइड भरपूर असलं आणि वरून गोळी दिली, तर तयार होत असलेल्या दातांवर डाग पडतात. आधी खडूसारखे पांढरे, प्रमाण फारच वाढलं तर तपकिरी. याला फ्लोरोसिस म्हणतात. ते डाग घासून जात नाहीत, ते दातातच असतात.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून मी नियमानं वागले. कल्पनाला सांगितलं, "आधी तुमच्या घरचं पाणी आणा, बाटली भरून. मी तपासायला पाठवते."

पुढच्या आठवड्यात तिनं बाटली आणली. लख्ख धुतलेली, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेली. मी ती प्रयोगशाळेत पाठवली. रिपोर्ट आला: फ्लोराइड अगदी नगण्य. मी तो रिपोर्ट नानांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"पाहिलंत नाना? याला म्हणतात सायन्स."

नानांनी पेपरमागून "हं" केलं. त्या 'हं'मध्ये बरंच काही होतं. पण मी विचारलं नाही.

मग गोळ्या. मग "कितला दिन". मग "तीन महिने".

तीन महिने का म्हणाले, ते आता कबूल करते. हा काळ मला औषधासाठी नको होता, कल्पनासाठी हवा होता. 'सहा वर्षांनी कळेल' असं म्हटलं असतं तर ती सहा वर्षांनी आली असती. तीन महिने म्हटलं की ती तीन महिन्यांनी येणार. दुपारी येणार, तासभर बसणार, भरताची हिरवी वांगी आणणार. मला कुणीतरी परत यायला हवं होतं, आणि माझ्याकडे बोलवायला कारण दुसरं नव्हतं.

ती बरोबर तीन महिन्यांनी आली. वांगी घेऊन.

"फरक शे का, बाई?"

मी जागृतीचं तोंड उघडलं. आठ-दहा दुधाचे दात, तांदळाच्या दाण्यांसारखे. तीन महिन्यांपूर्वी होते तसेच. मी आरसा फिरवला, दिवा खाली ओढला, भुवया उंचावल्या.

"आहे ना! चांगला फरक आहे."

काय होतं तिथे दिसण्यासारखं? काही नाही. जे दात तोंडात आलेले असतात, त्यांच्यावर फ्लोराइड वरून काम करतं, रोजच्या रोज, थोडं थोडं. कीड झाली नाही हे समजायलाच वर्ष-दोन वर्षं तपासत राहावं लागतं. आणि जे दात हिरडीखाली तयार होत असतात, ते बाहेर येईपर्यंत कुणालाच काही दिसत नाही. डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात कळते. ही गोळी वर्षानुवर्षं गप्प बसते. आमच्या कामातली ही मोठी अडचण आहे. दुखणारा दात काढला की पेशंट पाया पडतो. न किडलेल्या दाताबद्दल आभार मानायला मात्र कधी कुणी जिना चढून येत नाही.

कल्पना अशी चार वेळा आली. चारही वेळा मी "चांगला फरक" म्हणाले. चौथ्या वेळी तिनं खुर्चीतून उठताना सांगितलं, "रविवारले आमना घर जेवाले या. वरण-बट्टी करसू."

त्या रविवारी नवऱ्याची ड्यूटी होती, तो येणार नव्हता. मी शनिवारी रात्रीच साडी काढून ठेवली.

कल्पनाच्या घरी ओट्यावर चटई टाकली होती. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वर तुपाची धार. बट्टी कुस्करून वरण घातलं आणि पहिला घास घेतला. असं वरण मी धुळ्यात कधी खाल्लं नव्हतं. माझ्याकडे कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी तुरीच्या डाळीचे दाणे पाण्यात वेगळे पोहायचे. इथं डाळ लोण्यासारखी झालेली.

"कल्पना, डाळ किती मऊ शिजलीय गं! काय घालतेस, सोडा?"

ती खुलली. "सोडा कसाले? पानीच तसं शे."

"नळाचं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघं हसली. मी काहीतरी गमतीदार बोलले होते बहुतेक.

"नळना पानीमा दाय कशी शिजी, बाई? नळनं पानी भांडाले, कपडाले. पेवाले आन दायले तठलं." तिनं शेतांकडे हात केला. तिकडे एक खोल बोअर होती, आठ-नऊ वर्षांपूर्वीची. तिचं पाणी गोड, डाळ दोन शिट्ट्यांत. "बठ्ठी गल्ली हाईच पानी पेस."

सगळी गल्ली हेच पाणी पिते.

माझा घास तोंडातच राहिला. "मग मला बाटलीत कुठलं पाणी आणून दिलंस?"

"नळनं," ती सहज म्हणाली. "एवढं लांबून डोक्यावर आणलेलं पाणी तुम्ही तपासून ओतूनच देणार ना? आणि म्हटलं, नळ सरकारी, तपासणी पण सरकारी."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी मागितलं होतं घरचं पाणी. तिनं घरचंच दिलं, त्यातलं स्वस्त. पिता कुठलं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी अमरावतीची, शिक्षण नागपूरचं. घरात पिण्याचं पाणी एक आणि वापरायचं दुसरं असतं, हे मला पाहून माहीत होतं. पण ते दवाखान्याच्या बाहेरचं ज्ञान होतं. अ‍ॅप्रन घातला की ते मी काढून ठेवायची.

दारात चार-पाच मुलं येऊन उभी होती, डॉक्टरीण कशी जेवते ते पाहायला. मी ठसकले तशी ती हसली. मी त्यांचे दात पाहिले. सात-आठ वर्षांची मुलं, नुकतेच आलेले पुढचे दात. खडूसारखे पांढरट, एकाच्या दातावर आडवी तपकिरी रेघ. या गावातले असे दात मी आधीही पाहिले होते. दवाखान्यात एका आजोबांनी नातवाला आणलं होतं तेव्हा मी त्या आजोबांनाच झापलं होतं, "पोराला मिशरी लावता का?" मिशरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, इकडे दातांना लावतात. ते म्हातारे बिचारे शपथा घेत होते. मी त्यांना तोंडावर खोटं पाडलं होतं.

निघताना मी बाटली मागितली. कल्पनानं हंड्यातून भरून दिली, जरा हात आखडता घेऊनच. "हाई पानी तपासाले?"

"हो. हेच."

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. आकडा वाचून मी दोनदा डोळे चोळले. फ्लोराइड मर्यादेच्या बरंच वर होतं. म्हणजे जागृती रोजच गरजेपेक्षा जास्त फ्लोराइड पीत होती आणि त्यावर वर्षभर माझी अर्धी गोळी.

नानांनी रिपोर्ट हातात घेऊन पाहिला. नेहमीसारखा पेपर नाही उघडला.

"मॅडम, खान्देशात डाळीचं पाणी वेगळं असतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लहान पोराला पण माहीत असतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही सायन्स म्हणालात," नाना म्हणाले. "मला वाटलं, त्यात डाळ येत नसेल."

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला आणि एसटीनं कल्पनाच्या गावी गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि फोनही नव्हता. कल्पना अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की मला परत फिरावंसं वाटलं.

"गोळ्या आजपासून बंद," मी म्हणाले. "आणि बोअरचं पाणी मुलांना प्यायला देऊ नका. त्यात आधीच जास्त आहे."

तिला हळूहळू समजत गेलं. मी थांबून थांबून सांगितलं. या वेळी इंग्रजी नाही, ऐट नाही. जागृतीचे कायमचे दात आत्ता हिरडीच्या आत तयार होतायत. त्यांच्यावर डाग येऊ शकतात. येतीलच असं नाही. पण येऊ शकतात.

"मी रोज दिन्ही," कल्पना म्हणाली. "एक दिन खाडा नही."

"माहीत आहे मला."

"तिला ताप होता तेव्हापण दिली."

"चूक तुझी नाही. माझी आहे. मी नीट विचारलं नाही."

तिचा नवरा दारात येऊन उभा होता. त्यानं विचारलं, "डाग पडले की नाही, कधी कळेल?"

"पुढचे दात येतील तेव्हा. सातव्या वर्षी वगैरे."

तो म्हणाला, "केळीचं तसंच शे. घड खोडात आतच धरेल राहतो. तेव्हा खत चुकलं तर निसवल्यावरच कळतं."

निसवणं म्हणजे केळीचा घड खोडातून बाहेर पडणं. पाच वर्षं शिकून मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. मी मान हलवली. त्या दिवशी मला कुणी चहा विचारला नाही. खान्देशात चहा न विचारणं म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल.

त्यानंतर कल्पना आली नाही. तीन महिन्यांनी मी दुपारभर जिन्याकडे कान लावून बसले. सहा महिन्यांनीही. "कुणी येणार होतं का मॅडम?" नाना विचारायचे आणि लगेच स्वतःच विषय बदलायचे. वांगी मी बाजारातून आणायला लागले. त्यांना तशी चव नव्हती, किंवा असेलही, मला लागत नव्हती.

मध्ये पाच वर्षं गेली. दवाखाना चालायला लागला. खुर्च्या दोन झाल्या. मला मुलगा झाला, त्याचे दात आले. मी त्याला एकही फ्लोराइडची गोळी दिली नाही, नुसती टूथपेस्ट, आणि तीही वाटाण्याएवढी. माझ्या रोजनिशीत मात्र दर वर्षी एका तारखेवर एक ओळ असायची: जागृती तीन वर्षांची. जागृती चार. जागृती सहा, खालचे दोन पडले असतील. एका मुलीच्या तोंडाची एवढी काळजी तिच्या आईनंही केली नसेल. केली असेल. तिनं लिहिली नसेल, एवढंच.

जागृती सात वर्षांची झाली त्या वर्षी मी त्या गावच्या शाळेत मोफत दंततपासणी शिबिर घेतलं. मुख्याध्यापकांना वाटलं, बाई फार सेवाभावी आहेत. मी एका मुलीचे दोन दात पाहण्यासाठी साठ मुलांची तोंडं तपासणार होते.

बाकावर टॉर्च, आरसे, उकळलेल्या पाण्याचं पातेलं. मुलांची रांग. पहिल्या वीस-पंचवीस मुलांतच मला एक गोष्ट दिसली. मोठ्या वर्गातली मुलं, खडूसारखे दात. लहान वर्गातली मुलं, दात बरे. मी मुख्याध्यापकांना विचारलं.

"बोअरचं पाणी आता फक्त डाळीला," ते म्हणाले. "प्यायला नळाचं. गल्लीतल्या एका बाईनं पाच-सहा वर्षांपूर्वी घरोघर जाऊन सांगितलं. लोक आधी भांडले. मग ऐकलं."

कुठल्या बाईनं, ते मी विचारलं नाही.

जागृतीचा नंबर आला. दोन वेण्या, लाल रिबिनी. मला ओळखत नव्हती. "आ कर," मी म्हणाले आणि टॉर्च धरला. दुसरा हात मी तिच्या हनुवटीवर टेकवला.

वरचे पुढचे दोन दात नुकतेच पूर्ण बाहेर आलेले. त्यांवर बारीक पांढऱ्या आडव्या रेषा, ढगाच्या कडा असतात तशा. तपकिरी काही नाही. खड्डे नाहीत. मागच्या चारही दाढा तपासल्या, खाचांमधून सळईचं टोक फिरवून पाहिलं. कीड कुठंही नाही. एकाही दुधाच्या दातात नाही, एकाही कायमच्या दातात नाही. साठ मुलांत अशी चारच तोंडं होती.

म्हणजे फायदा झाला होता आणि डागही पडले होते. त्यातलं किती माझ्या गोळ्यांनी, किती बोअरच्या पाण्यानं, किती तिच्या आईनं घासून घासून, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. एक मात्र सांगते. गोळी दुधातून द्यायला सांगितली, हीसुद्धा माझी चूकच होती. दुधातल्या कॅल्शियममुळे फ्लोराइड अंगात कमी जातं. त्या चुकीनं मोठ्या चुकीचा हात थोडा धरून ठेवला असावा. माझ्या हुशारीपेक्षा माझ्या अर्धवटपणानं जागृतीचं भलं केलं.

खिडकीबाहेर कल्पना उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. गजाला धरून.

"दात कसा शेतस?" तिनं विचारलं.

"किडलेला एकही नाही. पुढच्या दोन दातांवर पांढऱ्या रेषा आहेत. बारीक."

"जातीन?"

"नाही." या वेळी मी आकडा तयार केला नाही. "पण वाढणार नाहीत. मोठी झाली की फारशा दिसणारही नाहीत."

ती जागृतीकडे बघत राहिली. जागृती तोवर बाहेर पळाली होती आणि मैत्रिणीला तोंड उघडून दाखवत होती.

"तुम्ही तीन महिना सांगेल व्हतं," कल्पना म्हणाली.

"हो."

"सहा वरीस लागनात."

ओरडून नाही, टोमणा मारूनही नाही. हिशेब नीट व्हावा म्हणून सांगावं तसं. मग ती वळून गेली. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आणि मी ती पिशवीनं अडवून ठेवली होती. कशासाठी, कुणास ठाऊक.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे.

आता मी जळगावात असते. दवाखाना दुसऱ्या डॉक्टरला दिला. नवरा जाऊन चार वर्षं झाली. मुलगा परदेशात. दिराची नात रविवारी व्हिडिओ कॉलवर पडलेला दात दाखवते, आणि मी लांबूनच चष्मा वर करून तपासते. "आजी, खालचा हलतोय," ती म्हणते. "हलवत राहा," मी म्हणते. एवढीच माझी प्रॅक्टिस उरली आहे. नाना असते तर म्हणाले असते, मॅडम, आज एक आली, तीही फोनवर.

चार दिवसांपूर्वी दुपारी बेल वाजली. दारात तिशीची बाई, कडेवर दीड वर्षाची मुलगी, खांद्याला पिशवी. पिशवीचं तोंड हिरव्या वांग्यांनी भरलेलं. ती हसली आणि मी तिच्या वरच्या दोन दातांकडे पाहिलं. रेषा होत्या. शोधल्या तर दिसाव्यात इतक्याच.

"अक्का, मी जागृती. सासर माझं इथंच आहे, तीस किलोमीटरवर. आईनं तुमचा पत्ता काढून दिला."

आत आल्यावर तिनं पिशवीतून वांग्यांखालच्या बाटल्या काढल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. तीन बाटल्या. तिन्हींवर चिकटपट्टी, पेनानं लिहिलेलं: नळ. जार. डाळ.

"आमच्या गावात आता फिल्टरच्या पाण्याचा जार येतो. आम्ही मोठे ते पितो. सासूबाईंना मात्र बोअरचंच लागतं, आणि ही त्यांच्याच तांब्यातून पिते," तिनं लेकीकडे बोट दाखवलं. "हिच्या डॉक्टरांनी फ्लोराइडचे थेंब लिहून दिलेत. आई म्हणाली, थेंब घालू नको. आधी अक्कांकडे जा. आणि त्यांनी मागायच्या आधी सगळी पाणी दाखव."

"आई कशी आहे?"

"बरी आहे. म्हणाली, रिपोर्टच्या वेळी मीपण येते."

"आणखी काय म्हणाली?"

जागृती लाजली. "म्हणाली, कितला दिन लागतीन, ते काही विचारू नको. त्या काहीपण सांगतात."

मी इतकी हसले की कडेवरची पोर दचकली. मग मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. पाणी तपासल्याशिवाय थेंब नाही, गोळी नाही, आणि कुणा नातेवाइकाच्या सल्ल्यानं तर नाहीच. मूल काय पितं ते विचारायचं, आणि घरात डाळ कशात शिजते तेही. पाण्यात फ्लोराइड पुरेसं असेल तर वरून काही नको. फारच कमी असेल, किडीचा धोका असेल, तर डॉक्टर ठरवतील. आणि द्यायचं ठरलंच तर वर्षानुवर्षं, न चुकता. फरक दिसला का म्हणून दर महिन्याला तोंड उघडून पाहू नये. आलेल्या दातांवर तो सावकाश होत राहतो, आणि आतल्या दातांचं काय झालं ते दात निसवल्यावर कळतं. हल्ली तर आम्ही मानतो की दाताला बाहेरून लागणारं फ्लोराइडच जास्त कामाचं, म्हणजे रोजची पेस्ट आणि दवाखान्यात लावतात तो लेप. हे मी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तेव्हा मी आकडा सांगितला.

तिन्ही बाटल्यांतलं लागेल तेवढं पाणी मी प्रयोगशाळेत पाठवलं. डाळीच्या बाटलीत थोडं उरलं. त्यात मी संध्याकाळी एकटीपुरती वाटीभर तूरडाळ लावली. माझे दात कधीच तयार होऊन बसलेत, त्यातले काही तर निघूनही गेलेत. दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी.

जाताना जागृतीनं विचारलं होतं, "अक्का, रिपोर्ट घ्यायला कधी येऊ?"

"आठ दिवसांनी या. दोघीही या. जेवायलाच या," मी म्हणाले.

हल्ली रिपोर्ट दोन दिवसांत मोबाइलवर येतो. तो आला, मी पाहिला, आणि थेंब आठ दिवस बंदच राहणार आहेत हे पक्कं करून घेतलं. तसा तो रिपोर्ट एका बोटानं पुढं पाठवताही आला असता. पण हे मी जागृतीला अजून सांगितलेलं नाही.